खोडलेला शब्द : आजीच्या कवितांच्या वह्या हाती आल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजी देवगड तालुक्यातली, चौथीपर्यंत शिकलेली, १९९४ साली गेली. घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत तिच्या तीन वह्या मिळाल्या, त्यांत शंभरेक कविता आणि ओव्या. त्यांतल्या चाळीस तुम्ही प्रमाण मराठीत टाइप केल्या, शुद्धलेखन सुधारलं, सोबत तिच्या कष्टांवर दहा पानांचं चरित्र लिहिलं. आता 'कोकणची बहिणाबाई' या नावानं पुस्तक काढायचंय, तर पुढे काय करावं?

पुढचं राहू दे, आधी जरा मागे या. मी एकतीस वर्षं सिंधुदुर्गात मराठी शिकवलं. त्या काळात आणि नंतर गावागावांतल्या बायकांचे पाच-सहा संग्रह माझ्या हाताखालून गेले. त्यांतल्या पहिल्याची मी वाट लावली, तेही सांगेन. पण सुरुवात तुम्ही पाठवलेल्या एका ओवीपासून करू, कारण तुम्हाला जे शोधायचंय ते सगळं त्या दोन ओळींत आहे आणि तुमच्या टाइप केलेल्या प्रतीत त्यातलं काहीच उरलेलं नाही.

तुमची प्रत :

दाराच्या पायरीवर बसले मी बाई
बोट आली बंदराला, मुलगा आला नाही

सोबत वहीच्या पानाचा फोटो तुम्हीच पाठवलात, हे फार चांगलं केलंत. त्यात आजीच्या अक्षरात असं आहे :

दाराच्या पायरेर बसलंय मी गो बाय
बोट इली बंदराक, झील इलो नाय

अर्थ तोच, असं तुम्ही म्हणाल. नाही. आजीच्या ओळीत 'गो बाय' ही हाक आहे. ती शेजारणीला, बहिणीला, जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावून बसलेल्या जावेला सांगते आहे. तुमच्या ओळीत 'बसले मी बाई' झालं आणि हाक मारलेली बाई नाहीशी झाली. आता बोलणारीच 'बाई' झाली, एकटी, पायरीवर, थोडी नाटकी. एक 'गो' काढल्यावर ऐकणारी गेली. ओवी एकटीनं म्हटली तरी ती कुणालातरी सांगितलेली असते.

दुसरं, 'झील'. गाताना झी लांबवता येतो, सगळा जीव त्या एका अक्षरात ओतता येतो. 'मुलगा'ची तीन अक्षरं जागा भरून टाकतात, स्वराला पसरायला वाव राहत नाही. हे कागदावर कळत नाही. दोन्ही ओळी मोठ्यानं, ओवीच्या चालीत म्हणून पाहा.

आता तिसरं. फोटो मोठा करून पाहा. 'झील'च्या आधी एक शब्द खोडलाय. दोन आडव्या रेघा मारल्यात, पण खालचं अक्षर दिसतं. तिथे आधी 'घोव' लिहिलं होतं.

तुम्ही ती खाडाखोड म्हणून सोडून दिलीत. मी त्या जागेवर बराच वेळ थांबले. 'बोट इली बंदराक, घोव इलो नाय' असं आधी लिहिलं, मग नवरा खोडून मुलगा घातला. 'घोव' आणि 'झील' दोघंही दोन अक्षरी, चालीत दोन्ही तितकेच बसतात, म्हणजे मात्रांची अडचण नव्हती. तिनं शब्द निवडला. का निवडला ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. चारजणींत नवऱ्याची वाट पाहते असं म्हणणं अवघड वाटलं असेल, मुलाची वाट पाहणं कुणालाही म्हणता येतं. किंवा लिहितालिहिता खरोखरच मुलगा आठवला असेल. किंवा घरात कुणी वही वाचेल ही धास्ती असेल. यातलं एकही कारण चरित्रात ठामपणे लिहू नका. पण तिनं शब्द बदलला हे मात्र लिहा, आणि पहिल्याच पानावर लिहा. तुमच्या दहा पानांत ती पहाटे चारला उठते, व्हाळावरून पाणी आणते, भात कांडते, सासूचं ऐकते. हे सगळं खरं असणार, पण हे त्या गावातल्या सगळ्याच बायकांचं आयुष्य होतं. लिहिलेला शब्द खोडून दुसरा घालणारी बाई त्यांच्यात किती असतील? तुमच्याकडे कष्टाळू आजी आहे, ती सगळ्यांकडेच असते. कवयित्री मात्र तुम्ही माळ्यावरच ठेवून आलात.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. वेंगुर्ल्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या कविता तिच्या घरच्यांनी माझ्याकडे आणल्या. मी तरुण, नवी एम. ए., हातात लाल पेन. अनुस्वार सुधारले, वृत्त नीट केलं, 'गावंढळ' वाटले ते शब्द बदलले. छोटं पुस्तक निघालं, प्रकाशनाला हार झाले, भाषणं झाली. वह्या मी जबाबदारीनं घरी परत दिल्या. पुढे घर रंगवायला काढलं तेव्हा त्या रद्दीत गेल्या. आता त्या बाईंच्या म्हणून ज्या कविता छापलेल्या आहेत, त्या निम्म्या माझ्या आहेत. कितीतरी वर्षांनी त्यांच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यांतली एक मला तोंडपाठ म्हणून दाखवली. तिच्या तोंडी 'व्हाळ' होता. पुस्तकात 'ओढा' आहे. ओढा शहाण्यासारखा वाहतो. व्हाळ चैत्रात कोरडा दगड असतो आणि आषाढात माणूस नेतो. त्या कवितेत माणूस वाहून जातो. तो एक शब्द मला परत मिळाला. बाकीचे किती बदलले ते मला स्वतःलाच आठवत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट : वह्यांना हात लावायच्या आधी त्यांचे फोटो काढा. प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, पुठ्ठ्याच्या आतली बाजूसुद्धा. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान सपाट धरून. फायलींना क्रम द्या : वही एक, पान एक. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेरचं. पावसाळ्याआधी करा, कारण आपल्याकडचा दमट पाऊस शाईला आणि कागदाला माफ करत नाही. बुरशी आणि कसर दोन्ही एकाच वर्षात वही खातात, वाळवीचं तर बोलायलाच नको. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन सुटते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पानं ओलसर असतील तर उन्हात घालू नका, सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरे कागद घालून ठेवा.

मग नवी टाइप प्रत करा, जशीच्या तशी. चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ असू दे. 'मी गो बाय' असेल तर तसंच. खोडलेला शब्द कंसात घाला. वाचता येत नसेल तिथे रेघ मारा, अंदाज घालू नका. मालवणीचे अर्थ तळटिपेत द्या : झील म्हणजे मुलगा, घोव म्हणजे नवरा, बंदराक म्हणजे बंदराला. मुंबईचा वाचक तळटीप वाचतो. ज्यांना वाचायची नाही ते तसंही पुस्तक विकत घेणार नाहीत.

आता बहिणाबाईंबद्दल, कारण पुस्तकाचं नाव तुम्हाला त्यांच्यावरून ठेवायचंय. नका ठेवू. एक तर ते विकण्यासाठी ठेवलेलं नाव आहे आणि कवितेआधी दुसरीच कवयित्री डोळ्यांसमोर उभी करतं. दुसरं कारण जास्त गंभीर. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर, चुलीपाशी गात. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि एक आप्त हे दोघं ते टिपून ठेवत. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी तो मजकूर आचार्य अत्र्यांना दाखवला. अत्रे भारावले, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. बाईंचं नाव महाराष्ट्रभर झालं ते त्या गेल्यावर. आपल्या हाती बहिणाबाई आहेत त्या ऐकणाऱ्याच्या लेखणीतून आलेल्या. तो ऐकणारा जाणता होता हे मराठीचं नशीब. पण त्यांचं खोडणं, त्यांची हस्तलिखितं, त्यांची शब्दांशी केलेली झटापट आपल्याला दिसू शकत नाही. तुमच्या आजीची दिसते. बहिणाबाईंकडे नव्हतं ते तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ते त्यांच्याच नावाखाली झाकायला निघालात.

बहिणाबाईंचंच आणखी एक उदाहरण, कारण तारखांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. त्यांचा जन्म जळगावजवळ असोद्याला, नागपंचमीचा, १८८० सालचा, असं सांगतात. आणि तारीख बहुतेक ठिकाणी २४ ऑगस्ट दिलेली असते, काही ठिकाणी ११ ऑगस्ट. त्या वर्षी आषाढी अमावास्या ऑगस्टच्या पाच-सहा तारखेला पडत होती. म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी अकराच्या आसपास येते, २४ ऑगस्टला वद्य पक्ष चालू होतो. नागपंचमी खरी धरली तर चोवीस बसत नाही. एवढ्या नामवंत कवयित्रीच्या बाबतीत हे, तर आपल्या आज्यांचं काय! म्हणून घरच्यांनी तिथी सांगितली की ती जपा आणि पंचांगावरून तारीख काढा. शक सांगितलं तर इसवी सनासाठी अठ्ठ्याहत्तर मिळवा, जानेवारी लागल्यानंतरच्या पौषातलं किंवा माघ-फाल्गुनातलं असेल तर एकोणऐंशी. तारीख आणि तिथी जुळत नसतील तर दोन्ही छापा आणि जुळत नाहीत असं लिहा.

केशवसुत, आपले मालगुंडचे, कवितेखाली गाव आणि तारीख घालत, म्हणून त्यांच्या कवितांचा क्रम लागतो. ते १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले आणि बारा वर्षांनी, १९१७ साली, हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या कवितेचं पुस्तक काढलं. म्हणजे मेल्यावर पुस्तक हे केवळ बायकांचं प्राक्तन नव्हतं. फरक एवढाच की केशवसुतांच्या कविता हयातीत मासिकांतून छापून आल्या होत्या, मित्र-कवी होते, वाचणारा वर्ग होता. कोकणात कवी कोण असं आजही विचारा : केशवसुत, देवगड तालुक्यातले विंदा, वेंगुर्ल्याचे पाडगावकर, कुडाळात खाणावळ चालवणारे आरती प्रभू. शेवटच्या नावामुळे दरवर्षी वर्गात एक तरी मुलगी खूश व्हायची, आणि मग ते चिंतामण त्र्यंबक खानोलकर आहेत हे तिला सांगावं लागायचं. बाईचं नाव विचारलं की पोरं खानदेशात किंवा बेळगावात जायची.

बेळगाव म्हटलं की इंदिरा संत. त्यांच्याकडे तुम्ही नीट पाहावं असं मला वाटतं, कारण तुमच्या दहा पानांत जी चूक आहे तीच त्यांच्याबाबतीत जाणत्या लोकांनीही केली. जन्म ४ जानेवारी १९१४, माहेरच्या दीक्षित. पती नारायण संत यांच्यासह १९४० साली 'सहवास' हा दोघांचा एकत्र संग्रह काढला. १९४६ साली पती गेले. 'शेला' आला १९५१मध्ये, मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', 'बाहुल्या', 'गर्भरेशीम'. 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी मिळाला. त्या गेल्या जुलै २०००मध्ये. आता यावर लेख वाचा. दहांतल्या आठांत अकाली वैधव्य, विरह, अश्रू. पण ही बाई बेळगावात अध्यापक विद्यालय चालवत होती, मुलं वाढवत होती, आणि जवळजवळ साठ वर्षं न थांबता संग्रहामागून संग्रह देत होती. दुःखानं एखादी कविता होते, साठ वर्षं लिहायला रोज टेबलाशी बसावं लागतं. म्हातारपणी त्यांनी जुन्या ओव्या गोळा करून 'मालनगाथा' केली. म्हणजे महाराष्ट्रातली एवढी नावाजलेली कवयित्री शेवटी निनावी बायकांच्या ओवीपाशी गेली, आणि ती आठवण म्हणून नाही, कारागिरी पाहायला गेली. ते पुस्तक मिळवून वाचा. दोन ओळींत किती बारकं काम असतं हे तिथे कळतं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. 'स्मृतिचित्रे' वाचून आपण हसतो, रडतो, रेव्हरंड टिळकांच्या विक्षिप्तपणावर डोकं हलवतो. (टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, हे इकडच्यांना अभिमानानं सांगायला आवडतं, मलाही.) पण टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' जेमतेम सुरू झालं होतं. पुढचे बहुतेक सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, वर्षानुवर्षं, ओवीछंदात. उशिरा अक्षर ओळख झालेली बाई महाकाव्य पुरं करते ही गोष्ट कुणी हसत-रडत सांगत नाही, कारण त्यात चुटका नाही.

परत तुमच्या वह्यांकडे. शंभर कविता म्हणालात. त्या सगळ्या तिच्या आहेत का? वाईट वाटून घेऊ नका, पण त्या काळातल्या बायकांच्या वह्या तिहेरी असतात : थोडं स्वतःचं, थोडं गावात चालत आलेलं, थोडं मासिकातून किंवा शाळेच्या पुस्तकातून उतरवून घेतलेलं. 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं आणि त्याचे अंक कोकणातल्या घराघरांत हातोहात फिरत. बायका आवडलेली कविता वहीत उतरवत, खाली कवीचं नाव लिहितीलच असं नाही. ते तिच्या नावावर छापलंत तर पुस्तक निघाल्यावर आठ दिवसांत कुणीतरी पत्र लिहील, आणि त्याचं बरोबर असेल.

ओव्यांसाठी दोन चाळण्या आहेत. साने गुरुजींनी, तेही आपल्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे, बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' केलं. त्यात शोधा. आणि हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या आता संगणकावर उपलब्ध आहेत. त्यात शब्द घालून शोधता येतं. तुमच्या आजीची ओळ तिथे सापडली तर ती कविता फेकून देऊ नका. बहुतेक वेळा एक चरण परंपरेतला आणि एक स्वतःचा असतो. तो दुसरा चरण म्हणजे ती. 'दाराच्या पायरीवर' सारखी सुरुवात शंभर जणींनी केली असेल. बंदर आणि बोट मात्र किनाऱ्यावरचीच बाई आणील.

त्या बोटीवरून काळ काढता येतो, तेही सांगते. मुंबईहून देवगड-मालवण-वेंगुर्ल्याकडे येणारी प्रवासी बोट पावसाळ्यात बंद असायची, समुद्र शांत झाल्यावर सुरू व्हायची. तेव्हा ही ओवी भर पावसातली नाही. 'रामदास' १७ जुलै १९४७ला बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, पण ती मुंबई–रेवस अशी जवळची फेरी होती. तुमच्या आजीनं कुठे 'रामदास'चा उल्लेख केलाय का ते पाहा.  तशाच इतर खुणा : कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा, तो आपल्याकडे भांडी पाडून गेला. गांधीजी गेले ते जानेवारी १९४८. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३०च्या मे महिन्यातला. 'जिल्हो वेगळो झालो' असं कुठे असेल तर १ मे १९८१, सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून सुटला तो दिवस. अशा दहा-बारा खिळ्यांना कविता टांगता आल्या की क्रम आपोआप लागतो. मग दिसेल, ती लग्नाआधी लिहीत होती की नाही, मुलं लहान असताना किती वर्षं गप्प होती, आणि परत कधी सुरू झाली. ती गप्प वर्षंही चरित्रात यायला हवीत.

कागदपत्रं. गावच्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये असते, जुने लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर मागा. चौथी झाली म्हणजे तिथे नाव असणारच, पण माहेरच्या गावच्या शाळेत आणि माहेरच्या नावानं. इथे सगळे अडखळतात. लग्नात नावही बदलायचं, आडनावही. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव सासरी चालायचं, पण जुन्या कविता पहिल्या नावाखाली असतात. दोन्ही नावं घेऊन सावंतवाडीच्या 'वैनतेय', रत्नागिरीच्या 'बलवंत' अशा साप्ताहिकांच्या जुन्या फायली चाळा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. तिथल्या लोकांना आधी फोन करून, नेमकं कुठलं वर्ष हवंय ते सांगून जा. 'सगळं दाखवा' म्हणून गेलात तर चहा मिळेल, फाइल नाही.

आणि माणसं. तिला ओळखणाऱ्या किती जणी उरल्यात? ऐंशी-पंच्याऐंशीच्या असतील, तेव्हा वह्यांचे फोटो झाले की टाइप करण्याआधी त्यांच्याकडे जा. वह्या थांबतील. घरात मुलगा किंवा जावई बसलेला नसेल अशी वेळ बघा, दुपारची जेवणं आटपल्यावरची. 'आजीच्या कविता सांगा' म्हटलंत तर 'माका काय आठवता?' एवढंच उत्तर येईल. मी एकदा अर्धा तास रिकाम्या हातानं बसले होते. मग सहज सुपात तांदूळ घेऊन निवडायला त्या आजींच्या पुढ्यात ठेवले. हात हलायला लागले आणि सहा ओव्या आल्या, एकामागून एक, मध्ये श्वासही नाही. बायकांची कविता हाताला आठवते, डोक्याला नाही. जातं असेल तर उत्तमच. फोन चालू करून खाली ठेवा आणि चालू केलाय हे आधी सांगा. दोन ओव्यांमधलं बोलणंही टिपा, कारण 'ह्या ती सासू गेल्यार म्हणायची' असं त्या मध्येच सांगतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं.

विचारायचं काय, तर 'किती कष्ट केले' हे नाही. ती लिहायची केव्हा? कुठे बसून? पेन्सिल की शाई? वही कुठे ठेवायची? कुणाला वाचून दाखवायची? कुणी हसलं का? छापून यावं असं तिला वाटत होतं का, की नको होतं? एका घरात मला सांगितलं गेलं की आजी वही तांदळाच्या पिंपात ठेवायची, कारण पिंपात हात घालणारी ती एकटीच. हे एक वाक्य दहा पानांच्या कष्टांपेक्षा जास्त सांगतं.

छपाईचं झटपट. हक्क सगळ्या वारसांचे असतात, तुमचे एकटीचे नाहीत. तेव्हा काका, आत्या, सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. पुस्तक निघून चांगलं बोललं जाऊ लागलं की कुटुंबात आठवणी जाग्या होतात. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झालं तर आपल्या कायद्यात साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, म्हणजे वारसांचा हक्क बराच काळ राहतो. आयएसबीएन क्रमांक स्वतः प्रकाशन करणाऱ्यालाही मिळतो, त्याला शुल्क नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रती कमी काढा. चाळीस कविता नकोत, पंचवीस पुरे, पण प्रत्येकीसमोर वहीच्या पानाचा फोटो छापा. प्रस्तावना मोठ्या माणसाकडून घेऊ नका. तो आजीला न वाचता तिच्यावर तीन पानं लिहील, आणि तुम्हाला ती छापावी लागतील.

मूळ वह्या नंतर कुठे ठेवायच्या हे आत्ताच ठरवून घ्या. घरात ठेवणार असाल तर एका माणसाच्या नावावर, त्याला सांगून. माझ्या रद्दीची गोष्ट विसरू नका.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वहीची शेवटची सात पानं 'नुसता मासळीवालीचा आणि दळणाचा हिशेब' आहेत, म्हणून त्यांचे फोटो काढले नाहीत. काढा. हिशेब आणे-पैमध्ये असेल तर ती पानं बहुधा १९५७च्या एप्रिलआधीची, नये पैसे असतील तर नंतरची. मनीऑर्डर आल्याची नोंद असेल तर महिने लिहून काढा : कुठल्या महिन्यांत आली आणि कुठल्या महिन्यांत आली नाही. मग ती पायरीवरची ओवी त्या पानांपासून किती पानं आधी आहे ते मोजा. आणि तिन्ही वह्यांत 'घोव' हा शब्द आणखी कुठे, खोडलेला किंवा न खोडलेला, येतो का, एवढं आधी बघून मला कळवा.